वऱ्हाडातून समुद्राकाठी: छोट्या घरगुती हॉटेलात तीन रात्री राहायचं तर

माझ्या आईनं समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती ६८ वर्षांची होती. पाण्यात बोट बुडवून तिनं ते जिभेला लावलं आणि म्हणाली, "खरंच खारं हाय रे बापू. मले वाटे लोकं असंच म्हणतेत."

आमचं गाव अमरावती जिल्ह्यात, धामणगाव रेल्वेकडे. बडनेऱ्याहून मुंबईच साडेसहाशे किलोमीटरच्या वर पडते, कोकण त्याच्याही पुढं. म्हणून आपल्याकडची पुष्कळ माणसं पंढरपूर, शेगाव, तिरुपती करतात आणि समुद्र राहून जातो. गेल्या काही वर्षांत मी तीनदा माणसं घेऊन कोकणात गेलो. पहिल्या खेपेला बरंच चुकलं, तिसऱ्या खेपेला जवळपास सगळं जमलं. त्यातून हे लिहितोय, खेड्यातून पहिल्यांदा निघणाऱ्या कुटुंबासाठी.

एक गोष्ट आधीच सांगतो, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मोठ्या रिसॉर्टपेक्षा आपल्यासारख्यांना आठ-दहा खोल्यांचं असं हॉटेल बरं, जिथं मालक स्वतः कुटुंबासह राहतो. रस्त्यावर पाटी असते, 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय'. समुद्राचं आपल्याला काही कळत नाही. कुठं पाण्यात उतरायचं, मासा ताजा आहे का, एसटी किती वाजता, हे सांगणारा माणूस त्याच अंगणात राहत असला की निम्मी काळजी मिटते. म्हणून खोलीपेक्षा मालक पारखा.

तारीख कशी ठरवावी

आपली मोकळीक शेतावर अवलंबून. सोयाबीन निघालं की कापसाची वेचणी लागते, मग तूर, मग हरभरा-गहू. मला सोयीचे वाटतात ते दोन काळ: जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीची सुरुवात, म्हणजे तूर घरात आल्यावर आणि हरभरा सोंगायच्या आधी, नाहीतर एप्रिलचा मध्य ते मेचा मध्य, आंब्याचे दिवस.

इथं विदर्भातल्या लोकांची एक नेमकी चूक होते. आपल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. त्यामुळं वाटतं, जूनचा दुसरा आठवडा मोकळाच आहे, जाऊन येऊ. पण पाऊस कोकणात आपल्या आधी पोचतो. तोवर समुद्र खवळलेला असतो, होड्या ओढून वर ठेवलेल्या असतात आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारीही बंद असते. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रकही तेव्हाच लागतं, गाड्या हळू चालतात. पहिल्यांदा जाणाऱ्यानं २० मेच्या आत परतावं.

वार मात्र आपल्या हातात असतो. पुण्या-मुंबईची माणसं शुक्रवारी संध्याकाळी येतात आणि रविवारी दुपारी जातात. रविवारी पोचा आणि बुधवारी निघा. भाडं उतरलेलं असतं, किनारा मोकळा असतो आणि मालकाला तुमच्याशी दोन शब्द बोलायला सवड असते. मुंबई-पुण्याचा नोकरदार हे करू शकत नाही, आपण करू शकतो.

किती रात्री? जाण्यायेण्यातच दोन दिवस जातात, म्हणून तीन रात्रींपेक्षा कमी नको. आणि तिन्ही एकाच ठिकाणी. 'एक रात्र हरिहरेश्वर, एक गणपतीपुळे, एक मालवण' असा बेत नकाशावर छान दिसतो, पण कोकणात ५० किलोमीटरला वळणावळणानं दोन तास लागतात आणि म्हाताऱ्या माणसाचा सगळा वेळ गाडीत जातो.

तिथी आणि पाणी

तारीख पक्की करण्याआधी भिंतीवरची दिनदर्शिका उतरवा आणि तिथी बघा. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या आसपास पूर्ण भरती आणि तशीच पहाटे तीनच्या सुमारास. अष्टमीला सकाळ-संध्याकाळ सहा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पौर्णिमेनंतर वद्य प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, पण बेत आखायला पुरतो.

आता याचा उपयोग. पाण्यात पाय घालायला पाणी चढत असतानाची वेळ त्यातल्या त्यात बरी, उतरत्या पाण्याला आत ओढ असते. दशमी ते द्वादशी या दिवसांत दुपारी दीड ते तीनच्या दरम्यान ओहोटी संपते आणि संध्याकाळी पाणी हळूहळू वर येत असतं. ऊन उतरलेलं, वाळू रुंद, पाणी चढतं. आमची तिसरी सहल मी मुद्दाम अशा तिथींना धरली. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी फार वर येतं आणि फार खाली जातं. बघायला ते भव्य दिसतं, पण लहान पोरांना घेऊन जायचे ते दिवस नव्हेत.

जागा आणि गाडी

पहिल्या खेपेसाठी रेल्वे स्थानकापासून एका एसटीत पोचता येईल असं गाव निवडा. चिपळूणहून गुहागर, रत्नागिरीहून गणपतीपुळे, कुडाळहून मालवण-तारकर्ली, माणगावहून दिवेआगर किंवा श्रीवर्धन. माझं मत विचाराल तर घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी गुहागर. किनारा लांबलचक आणि सरळ, गावात व्याडेश्वराचं देऊळ, आणि नारळी-पोफळीच्या वाड्या थेट वाळूपर्यंत गेलेल्या. घराच्या मागच्या दारातून निघायचं, झाडांच्या सावलीतून चालायचं, की समोर समुद्र. मधे हमरस्ता नाही. तरण्या पोरांना तारकर्ली आवडेल, मालवणातून होडीनं सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाता येतं.

नागपूरहून मडगावला आठवड्यातून दोनदा विशेष गाडी सोडतात, ती वर्धा, बडनेरा, अकोला करत कोकणात जाते. विशेष गाड्यांची मुदत वाढत-संपत असते, तेव्हा तुमच्या तारखेला ती आहे का हे आधी पाहा. मिळाली तर तिच्यासारखी सोय नाही, कुठं उतरणं-चढणं नको. नाही मिळाली तर विदर्भ एक्सप्रेसनं सकाळी ठाण्याला उतरून मांडवी एक्सप्रेस धरतात. यात पहिली गाडी उशिरा आली तर दुसरी सुटते. म्हणून तिकिटं काढताना दोन्ही पीएनआर जोडून घ्या, मग पहिल्या गाडीच्या उशिरामुळं दुसरी चुकली तर परताव्याचा हक्क राहतो. म्हातारी माणसं बरोबर असतील तर त्या धावपळीत न पडता ठाण्यात काही तास थांबून पुढची गाडी घेतलेली बरी.

आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होतं, नोव्हेंबर २०२४ पासून. पूर्वीसारखे १२० दिवस मिळत नाहीत. ६०व्या दिवशी सकाळी आठला तिकीट, त्याच दिवशी दुपारी हॉटेलला फोन. उलट क्रमानं केलं तर आगाऊ रक्कम अडकते. एसटीत बायांना निम्मं भाडं, ६५ ते ७५ वयाच्यांनाही निम्मं, ७५ च्या वरच्यांना फुकट. हे कोकणातल्या गाड्यांनाही लागू आहे, मूळ आधार कार्ड जवळ ठेवा.

स्वतःची गाडी असेल तर समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला, नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे ७०१ किलोमीटर. रस्ता सरळ असतो, झोप लागते आणि उन्हाळ्यात टायर तापतात. टायरची हवा आणि वय तपासल्याशिवाय त्यावर चढू नका, दोन चालक ठेवा आणि एक मुक्काम वाटेत करा.

फोनवर काय विचारायचं

पहिल्या खेपेला मी फोटो बघून खोली घेतली. फोटोत समुद्र होता, माडाचं झाड होतं, झोपाळा होता. पोचल्यावर कळलं, समुद्र अडीच किलोमीटरवर. आई दोन दिवस रिक्षानं समुद्रावर गेली. तेव्हापासून मी बुकिंग करण्याआधी मालकाशी दहा मिनिटं बोलतोच, आणि प्रश्न कागदावर लिहून घेतो.

पहिला प्रश्न: "तुमच्या दारातून पाण्यापर्यंत म्हाताऱ्या माणसाला चालत किती मिनिटं?" किलोमीटर विचारू नका. 'जवळच आहे' हे उत्तर धरू नका, मिनिटं काढून घ्या. मधे रस्ता ओलांडावा लागतो का, वाटेत चढ-उतार किंवा खडक आहेत का, हेही. काही किनारे खडकाळ असतात, तिथं पाण्यात पायही घालता येत नाही.

दुसरा: खोली तळमजल्यावर आहे का, आणि संडास बसायचा की खुर्चीचा. आपल्याकडं हे विचारायला माणसं लाजतात. गुडघे दुखणाऱ्या बाईला तीन दिवस काढायचे असतात, लाजू नका.

तिसरा हवेचा. आपण ४५ अंशांतून जातो, कोकणात पारा दहा-बारा अंशांनी कमी असतो, तर वाटतं गारच असेल. तसं होत नाही. आपली हवा कोरडी, घाम आला तसा वाळतो. तिकडं हवेतच पाणी भरलेलं, घाम अंगावर तसाच राहतो. त्याच कारणानं तिकडं कूलर चालत नाही. ओल्या वाळ्यावरून आलेली हवा गार व्हायला मुळात कोरडी असावी लागते. एप्रिल-मेमध्ये एकतरी खोली एसीची घ्या, ज्यात म्हातारी आणि लेकरं झोपतील. बाकीच्यांना समोरासमोर खिडक्या आणि चांगला पंखा पुरतो. वीज गेली तर पंख्याला इन्व्हर्टर आहे का, हेही विचारा.

चौथा: पाणी. किनाऱ्यावरच्या काही विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. अंघोळीला ते चालतं, प्यायचं पाणी वेगळं आहे का ते विचारा.

पाचवा: जेवण. घरात शिजतं की बाहेरून येतं? शाकाहारी आणि मासळीची भांडी वेगळी आहेत का? आमच्यात माळकरी होते, त्यांना हे आधी कळणं फार गरजेचं होतं. कोकणात अशी घरं सापडतात जिथं फक्त शाकाहारी जेवण असतं, आणि अशीही जिथं मासळीशिवाय चूल पेटत नाही. दोन्ही उत्तम, आपलं कोणतं ते ठरवायचं.

शेवटी पैसे. भाडं खोलीचं की माणशी, जास्तीच्या गादीचे किती, खोली किती वाजता मिळते आणि किती वाजता सोडायची. आपली गाडी सकाळी पोचते आणि खोली बाराला मिळते, असं हमखास होतं. आधी सांगितलं तर मालक अंघोळीपुरती एक खोली उघडून देतो. खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, आधी १२ होता. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आतली असल्यानं नोंदणीच न केलेली लहान घरं जीएसटी घेऊ शकत नाहीत. कुणी 'वर जीएसटी' म्हणालं तर नोंदणी क्रमांकासह बिल मागा.

आगाऊ रक्कम पाठवण्याआधी मालकाला व्हिडिओ कॉल करा आणि म्हणा, "दादा, जरा अंगणातून समुद्राकडं चालत दाखवता का?" खरा मालक आनंदानं दाखवतो. खोट्या नंबरवर बसलेला माणूस कारणं सांगतो. मोबाइलवरून पैसे पाठवताना समोर येणारं नाव मालकाचंच आहे का हे वाचा. एक चतुर्थांशापेक्षा जास्त आगाऊ देऊ नका. गाडी रद्द झाली तर तारीख बदलून मिळेल का, हे लेखी मागून घ्या, व्हॉट्सअॅपवर एक ओळ पुरते.

पिशवीत काय

सुती कपडे, आणि नेहमीपेक्षा एक जोड जास्त, कारण तिकडं कपडे वाळत नाहीत. आपल्याकडं मे महिन्यात धुतलेलं धोतर अर्ध्या तासात कडक होतं, तिकडं रात्रभर टांगलेला टॉवेल सकाळी ओलाच. बायांनी पाण्यात जायला सलवार-कुर्ता न्यावा. नऊवारी-पाचवारी ओली झाली की पायात अडकते आणि लाटेत तोल जातो. आपला दुपट्टा घ्याच, डोक्याला आणि मानेला त्याच्यासारखं काही नाही. रबरी चप्पल. सगळ्या मोठ्यांचं ओळखपत्र. गाडीत खायला दशम्या, चटणी, लाडू. आणि दोन किलो ज्वारीचं पीठ, त्याचं कारण पुढं.

पोचल्यावर

हात-पाय धुऊन लगेच समुद्राकडं पळू नका. आधी मालकाबरोबर पाण्यापर्यंत एकदा चालत जा आणि त्याला तीन गोष्टी हातानं दाखवायला सांगा: कुठं उतरायचं, कुठं अजिबात नाही, आणि आज पाणी कुठवर येणार. आमच्या गुहागरच्या मालकानं वाळूवर काठीनं रेघ ओढली आणि म्हणाले, "सातला पाणी इथे येईल. चपला ह्याच्या वर ठेवा." आमच्या भाच्यानं ऐकलं नाही. सातला रेघ पुसली गेली आणि चपलांचा एक जोड पाण्यावर डुलत चालला होता.

विहिरीत, कॅनॉलात, वर्धा नदीत पोहलेली आपली पोरं स्वतःला पट्टीचे पोहणारे समजतात. विहिरीचं पाणी एका जागी असतं. समुद्राचं पाणी तुमच्या पायाखालची वाळू काढून घेतं. गुडघ्यापर्यंत, फार तर मांडीपर्यंत, आणि तेही किनाऱ्यावर कुणी उभं असताना. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा शांत दिसतोय, तर तो शांत पट्टा टाळा. तिथून पाणी आत परत जात असतं. चुकून त्यात सापडलात तर किनाऱ्याकडं झुंजू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, बाजूला पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडा आणि मग वळा. दारू पिऊन आणि अंधार पडल्यावर पाण्यात जायचं नाही, हे घरातल्या मोठ्यानं निघण्याआधीच सांगून ठेवावं. गाडी वाळूवर नेऊ नका. चाक रुतलं आणि भरती आली, तर ट्रॅक्टर येईपर्यंत इंजिनात खारं पाणी गेलेलं असतं.

परतताना अंगणातल्या नळावर पाय, कपडे आणि पोरांचं डोकं धुऊनच आत जायचं. वाळू खोलीत गेली की मोरी तुंबते, आणि ती उपसायची त्या घरच्या बाईला. तिकडचं गोडं पाणीही उन्हाळ्यात मोजकंच असतं, बादलीनं अंघोळ करा.

ताट

सकाळच्या चहालाच रात्रीच्या जेवणाचं सांगायचं. घरगुती ठिकाणी माणसं मोजून शिजतं. मासळीचा भाव रोज बदलतो, म्हणून 'आज काय आलंय आणि ताट कितीला' हे ताट येण्याआधी विचारा. मासा कधी न खाल्लेल्यानं सुरमईपासून सुरुवात करावी, मधला काटा निघाला की झालं. बांगडा चवीला फार सुंदर, पण काटे बारीक, लेकरांना नको. शाकाहाऱ्यांना घावणे, आंबोळी, फणसाची भाजी, बिरडं, उकडीचे मोदक. सोलकढी जेवणाच्या शेवटी, भातावर किंवा नुसती.

दोन दिवसांनी आपल्या माणसांना भाकर आठवते. तिकडची भाकरी तांदळाची, पांढरी आणि मऊ, पण ज्वारीची ती ज्वारीची. आईनं मालकीणबाईंना विचारलं, "बाई, तुमच्या चुलीवर दोन भाकरी टाकू का?" त्या म्हणाल्या, "काकू, टाका की, मलाही शिकवा." मग आईनं पीठ मळलं, परातीत थापली, आणि त्या बाई शेजारी बसून बघत होत्या. तांदळाच्या भाकरीला उकड काढावी लागते, ज्वारीची गरम पाण्यात तशीच मळते, यावर दोघींचं बराच वेळ चाललं. त्या रात्री मालकाच्या घरच्यांनी आमच्या पंगतीत भाकर-ठेचा खाल्ला, ठेच्यानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि आम्हाला त्यांनी आगळाची, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाची, एक बाटली भरून दिली. दोन किलो पीठ न्या म्हणतो ते यासाठी. स्वयंपाकघर मात्र त्यांचं आहे, विचारल्याशिवाय पाय ठेवू नये.

मधला दिवस

तीनांतला एकच दिवस फिरायला ठेवा, बाकी दोन किनाऱ्यावर आणि पडवीत काढा. गुहागरहून हेदवीचा दशभुजा गणपती आणि वेळणेश्वर अर्ध्या दिवसात होतात. हेदवीला समुद्रकाठी खडकात बामणघळ नावाची अरुंद घळ आहे, भरतीच्या वेळी लाट तिच्यात शिरून उंच उसळते. तिथं तिथीचा हिशेब पुन्हा कामाला येतो, भरतीची वेळ धरूनच जा आणि कड्यापासून लांब उभे राहा. रिक्षा मालकालाच ठरवून द्यायला सांगा.

निघताना

हिशेब आदल्या रात्री करा. सकाळी गाडीच्या घाईत चहा-नाश्त्याचे आकडे चुकतात आणि दोन्ही बाजूंना वाईट वाटतं. खोली झाडून द्यायची गरज नाही, पण ओल्या गाद्या, तुटलेली कडी जे असेल ते स्वतःहून सांगा.

न्यायला कोकम, आगळ, फणसपोळी, काजू. सुकी मासळी घ्यायची तर तीन पिशव्या एकात एक आणि वर घट्ट झाकणाचा डबा, नाहीतर रेल्वेचा अख्खा डबा नाक धरून बसेल. हापूसची पेटी घेताना थोडी कच्चीच मागा. आपल्या उन्हात पिकलेला आंबा दोन दिवसही टिकत नाही. पेटी सीटखाली, खिडकीच्या उन्हापासून लांब ठेवा, घरी आल्याबरोबर उघडा आणि फळं एकमेकांना न लागू देता तणसात मांडा. आमच्या पेटीतले चार आंबे भुसावळच्या आधीच गळले होते, ते तिथंच गाडीत वाटून खाल्ले.